स्पोर्ट्स कारचा ऑइल चेंज : खर्च, हिशेब आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी आकडा सांगा. किती खर्च येतो?

पाच आकडी रक्कम धरून चला. फोर्ड मस्टँगसारखी, इंजिन पुढे असलेली, रचनेने सरळ गाडी भरवशाच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली, तर दहा-पंधरा हजारांत काम होतं. पोर्श ९११ किंवा बॉक्स्टर असेल तर त्याहून जास्त. अधिकृत सेंटरमध्ये नुसता ऑइल चेंज क्वचितच होतो. तिथे वार्षिक सर्व्हिस होते आणि तपासणी, केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड असं जोडत गेलं की बिल पाऊण लाखाच्या पुढे जाऊ शकतं. मग मालक सांगतो, "ऑइल चेंजला ऐंशी हजार लागले." लागलेले असतात, पण ऑइलला नव्हे.

साध्या गाडीपेक्षा इतका फरक का? ऑइल तर ऑइलच ना?

ऑइलचा भाव हे या फरकाचं एकमेव कारण नाही. हॅचबॅकमध्ये तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं. मस्टँगच्या पाच लिटरच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला, म्हणजे २०१६ पासून आपल्याकडे ६५ लाखांना विकायला आलेल्या गाडीला, साधारण साडेसात लिटर लागतं. बीएमडब्ल्यू एम३ च्या व्ही८ पिढीला ८.८ लिटर आणि व्ही१० इंजिनाच्या एम५ ला ९.३ लिटर. त्यातही हे पूर्ण सिंथेटिक आणि ठरावीक मान्यतेचंच हवं. म्हणजे भाव दुप्पट-अडीचपट आणि लिटरही दुप्पट-अडीचपट. गुणाकार तुम्हीच करा.

शिवाय ऑइलपर्यंत पोहोचण्याचाही खर्च आहे. ही गाडी जमिनीलगत असते. आधी फळ्या टाकून ती लिफ्टवर चढवायची, नाहीतर बंपरचा पुढचा ओठ घासतो. लिफ्टचे पाय ठरलेल्या जॅक पॉइंटखालीच बसवायचे. मग खालचं कव्हर. हवा सपाट वाहावी म्हणून बऱ्याच गाड्यांचं पोट पूर्ण झाकलेलं असतं आणि त्याला पंचवीस-तीस स्क्रू असणं नवलाचं नाही. काही स्क्रू वेगळ्या लांबीचे असतात. कुठला कुठून निघाला हे लक्षात ठेवणारा मिस्त्री असेल, तर त्याची मजुरी जास्त असणारच, आणि ती द्यावी.

ड्राय संप म्हणतात तो काय प्रकार आहे?

साध्या इंजिनात ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठतं आणि पंप ते तिथून ओढतो. गाडी जोरात वळली की ऑइल एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. त्यावरचा उपाय म्हणजे चेंबरमध्ये ऑइल साठूच द्यायचं नाही. वेगळे पंप ते ओढून एका उंच टाकीत नेतात आणि तिथून इंजिनाला पुरवठा होतो. शिवाय चेंबर उथळ झाल्याने इंजिन आणखी खाली बसवता येतं.

खर्चाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी होतात. ऑइल जास्त लागतं, आणि ते एकाऐवजी दोन-तीन जागांवरून काढावं लागतं. १९९८ पर्यंतच्या एअर-कूल्ड पोर्श ९११ मध्ये टाकीचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचा नट, वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. त्यातल्या शेवटच्या ९९३ पिढीला तर ऑइल फिल्टरही दोन. आणि पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गरम असताना, चालू ठेवून, सपाट जागेवर. हे माहीत नसलेला मिस्त्री थंड इंजिनात डिपस्टिक काढतो, ती कोरडी दिसते आणि तो भाबडेपणाने दोन लिटर जास्त ओततो.

एक हिशेब मांडून दाखवाल का?

मस्टँग जीटी घेऊ. खालचे दर हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या शहरातले घालून बघा.

ऑइलचे आठ लिटर, लिटरला ११०० रुपये एमआरपी : ८,८०० रुपये. फिल्टर १,५०० रुपये. नवा वॉशर आणि सफाईचं सामान २०० रुपये. मजुरी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये. एकूण १३,४५० रुपये.

यात एक खाच आहे. डब्यावरच्या एमआरपीत जीएसटी आधीच धरलेला असतो. बिलात एमआरपी लावून वर पुन्हा १८ टक्के चढवलेले दिसले, तर तिथल्या तिथे विचारा. मोठ्या सेंटरमध्ये ऑइल डब्यातून नव्हे, बॅरलमधून येतं. ते लिटरच्या दराने लागतं, त्यामुळे एमआरपीशी ताडून बघायला काही हाती नसतं. तिथे निदान किती लिटर लावलं हे वाचा. साडेसात लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनाला बिलात नऊ लिटर लावलेले असतील, तर उरलेलं गेलं कुठे?

आपल्याकडे एवढा उकाडा आहे. जरा जाड ऑइल घातलं तर बरं नाही का?

हा सल्ला गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतो आणि तो अर्धवट समजुतीवर उभा आहे.

"०डब्ल्यू-४०" मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. म्हणजे इंजिन तापल्यावर ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० एकाच वर्गात बसतात. शून्य बघून "हे पाण्यासारखं पातळ, आपल्या हवेला चालणार नाही" म्हणणं चूक आहे. फरक पडतो तो सकाळी गाडी सुरू करताना. नागपूरच्या मे महिन्यातही सकाळचं तापमान इंजिनाच्या चालत्या तापमानापेक्षा खूपच खाली असतं, आणि त्या वेळी प्रत्येक ऑइल गरजेपेक्षा जाडच असतं. शून्यवालं लवकर वर पोहोचतं, एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूनेही गफलत होते. बीएमडब्ल्यूने एम३ च्या व्ही८ सारख्या काही जुन्या एम इंजिनांना १०डब्ल्यू-६० सांगितलं आहे. म्हणून "स्पोर्ट्स कार म्हणजे साठ नंबर" असा समज पसरला. मस्टँगच्या व्ही८ ला मूळ शिफारस ५डब्ल्यू-२० ची आहे! दोन्ही वेगवान गाड्या, दोन्ही व्ही८, पण बेअरिंगमधली फट आणि रचना वेगळी.

नंबराइतकीच महत्त्वाची असते ती डब्यामागची मान्यता. पोर्शच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना "पोर्श ए४०" लागते. डब्यावर "मान्यताप्राप्त" लिहिलंय की नुसतं "यासाठी योग्य", हे चष्मा लावून वाचा. दुसरं वाक्य कुणीही छापू शकतो.

गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही चालत नाही. तरी दरवर्षी ऑइल बदलायचं?

हो. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, हे मान्य. पण कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल जास्त चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडू शकतं.

इंजिन थंड असताना न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून तयार होणारी पाण्याची वाफही आत थंड होऊन साठते. ऑइल नीट तापलं की दोन्ही उडून जातं. न तापल्यास तिथेच राहतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ऑइलमधले रासायनिक घटक ते आम्ल मारण्यात खर्ची पडतात. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. त्यात आपला चार महिन्यांचा पावसाळा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करणं. बॅटरीची काळजी म्हणून लोक हे करतात. त्या दहा मिनिटांत पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे आत ओल भरली आणि बाहेर काढली नाही. त्यापेक्षा बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, आणि गाडी काढलीच तर पुण्याहून निदान लोणावळ्यापर्यंत न्या.

बदलायची वेळ कोणती? पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास. ओलीतून गेलेलं ऑइल बाहेर पडतं आणि गाडी फिरवायचा मोसम ताज्या ऑइलवर सुरू होतो. पुस्तिकेतली तारीख त्याआधी येत असेल, तर अर्थात पुस्तिकेचं ऐका.

बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं तर वॉरंटी जाते का?

नुसतं बाहेर ऑइल बदललं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने बोट ठेवलं आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देण्याच्या प्रकरणात आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. त्यांत फोर्ड, निस्सान, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं.

कायद्याचं ते राहू द्या. व्यवहाराचं सांगायचं, तर गाडी वॉरंटीत असेपर्यंत अधिकृत सेंटरमध्येच जा. दीड-दोन कोटींच्या गाडीत वर्षाकाठी वीस-तीस हजार वाचवून उद्या इंजिनाच्या दाव्यावर वाद ओढवून घेणं शहाणपणाचं नाही. वॉरंटी संपली की मात्र मोकळे व्हा आणि त्या एका कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री शोधा. मुंबई-पुण्यात असे लोक आहेत, बरेचसे अधिकृत सेंटरमधूनच शिकून बाहेर पडलेले.

ऑनलाइन ऑइल स्वस्त मिळतं. घेऊ का?

विक्रेता कंपनीचा अधिकृत असेल तर घ्या. नावाजलेल्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत हलकं ऑइल भरून विकण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. झाकणाचं सील, बॅच नंबर, क्यूआर कोड तपासा. बाजारभावापेक्षा तिसऱ्या हिश्शाने स्वस्त दिसलं, तर का स्वस्त आहे हे तुम्हाला कळलेलंच आहे. आणि गॅरेजमध्ये रिकामे झालेले डबे झाकण मोडून टाका, नुसते सोडून येऊ नका.

बुगाटीच्या ऑइल चेंजला वीस लाख लागतात, हे खरं का?

व्हेरॉनबद्दल बोलत असाल तर साधारण खरं. अमेरिकेत सांगितला जाणारा आकडा २० ते २५ हजार डॉलर आहे. तिचं इंजिन आठ लिटरचं, सोळा सिलिंडर, चार टर्बो. ऑइल काढायला १६ ड्रेन प्लग उघडावे लागतात आणि तिथवर जायला मागची चाकं आणि बॉडीचा मागचा भाग काढावा लागतो. म्हणजे ते काम ऑइल बदलण्यापेक्षा गाडी उलगडून पुन्हा घडी घालण्याचं आहे. व्हॉट्सअपवर हे वाचून बॉक्स्टर घ्यायला घाबरणारे लोक भेटतात. त्यांनी घाबरू नये.

आणि फेरारी?

नव्या फेरारीला कंपनी सात वर्षांची नियमित देखभाल देते. वर्षातून एकदा किंवा २०,००० किलोमीटरला, जे आधी होईल ते. त्या काळात ऑइल चेंजचं वेगळं बिल यायचं कारण नाही. जुन्या फेरारीची गोष्ट निराळी. सचिन तेंडुलकरला २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल मिळालेली ३६० मोडेना आठवते ना? तिच्या आयात शुल्कावरून केवढा गदारोळ झाला होता. त्या मॉडेलमध्ये ऑइलपेक्षा टायमिंग बेल्टची चिंता मोठी. गाडी चालो न चालो, बेल्ट दर काही वर्षांनी बदलावाच लागतो. जुनी ३६० स्वस्तात दिसली, तर ऑइलचं बिल मागू नका, बेल्टचं मागा.

घरी स्वतः बदलता येईल?

हात चालत असेल आणि गाडी पुढच्या इंजिनाची असेल तर येईल. पण नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही, स्टँड लावायचेच. आणि टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याशिवाय, नट आवळू नका. चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. पोर्श ९११ च्या ९९७ पिढीला ड्रेन प्लगचा टॉर्क (आवळायचा जोर) ५० न्यूटन-मीटर दिलेला आहे. अंदाजाने लांब पान्ह्यावर जोर दिलात आणि आटे गेले, की वाचवलेली तीन हजारांची मजुरी नव्या चेंबरच्या किमतीपुढे काहीच नाही. वॉशर दर वेळी नवा.

डिपस्टिकच नाही. पातळी कशी बघायची?

९९७ पासूनच्या ९११ कॅरेरामध्ये ती नाहीच. स्क्रीनवर बघायची : इंजिन गरम, गाडी सपाट, पुस्तिकेत दिलाय तितका वेळ थांबून. सोसायटीच्या उतारावर उभी करून बघाल तर चुकीचं दिसेल. पातळी थोडी खाली असणं चालतं, जास्त भरणं चालत नाही. जास्तीचं ऑइल फेसाळतं, हवेच्या वाटेने इनटेकमध्ये जातं आणि मागून निळा धूर येतो. अर्धा लिटर हातचा राखून भरा, मोजा, मग उरलेलं घाला.

जुनी स्पोर्ट्स कार घेतोय. ऑइलवरून काही कळतं का?

बरंच कळतं. या सगळ्या खर्चातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो.

ऑइल काढताना स्वतः उभे राहा. फिल्टर कापून त्याची घडी उलगडायला सांगा. उन्हात धरला की चमक दिसते. अगदी बारीक करडी भुकटी जुन्या इंजिनात सापडते. डोळ्यांना दिसणारे, नखाला लागणारे तुकडे असतील तर सौदा थांबवा. चुंबकाला चिकटले तर पोलाद, न चिकटले तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. १९९७ ते २००८ या काळातल्या बऱ्याच बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनात आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे मधल्या दांड्याचं बेअरिंग) हा ओळखीचा दुखरा भाग आहे. ते सुटलं तर पूर्ण इंजिन जाऊ शकतं आणि त्याची पहिली चाहूल अनेकदा फिल्टरमध्येच लागते. एम३ च्या व्ही८ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग तशीच बदनाम आहेत.

म्हणून विक्रेता "कालच ऑइल बदललंय, एकदम फ्रेश" म्हणाला तर मी खूश होत नाही. काल काढलेला फिल्टर कुठाय, हे विचारतो. आणि दरवर्षीची बिलं मागतो. तीन वर्षांत एकही बिल नाही आणि मीटरवर चार हजार किलोमीटर, ही गाडी "कमी चाललेली" नसून "कमी सांभाळलेली" आहे.

ट्रॅकवर नेली तर?

कोइम्बतूरची कारी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, कुठेही नेलीत तरी वर्षाची वाट बघू नका. एक-दोन ट्रॅक डेनंतर ऑइल बदला आणि तो खर्च प्रवेश शुल्कातच धरा. नव्या बीएमडब्ल्यू एम गाडीला आधी २,००० किलोमीटरची रनिंग-इन सर्व्हिस होऊ द्या, मग ट्रॅक.

इंजिन ऑइलखेरीज आणखी कोणती तेलं बदलावी लागतात?

गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं. निस्सान जीटी-आर हे चांगलं उदाहरण. २०१६ च्या डिसेंबरात ती आपल्याकडे जवळपास दोन कोटींना आली. इंजिनाला साडेपाच लिटरच्या आसपास मोबिल १ ०डब्ल्यू-४० लागतं, त्यात विशेष काही नाही. पण मागच्या चाकांपाशी बसवलेल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं खास फ्लुइड इंजिन ऑइलच्या कितीतरी पट महाग आहे. खर्चाचा अंदाज विचारताना "ऑइल" एवढंच म्हणू नका, कोणकोणती तेलं ते वेगवेगळं लिहून घ्या.

अमेरिकेत असलेल्यांना काही वेगळं?

मोजणी क्वार्टमध्ये, म्हणजे ०.९५ लिटर. कॉर्व्हेट सी८ ला साडेसात क्वार्ट ०डब्ल्यू-४०, तेही ड्राय संपमध्ये. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे स्वतः ऑइल बदललं एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पावत्या आणि मीटरचा फोटो मात्र ठेवा. घरी केलेल्या कामाचा पुरावा तोच.

काढलेल्या जळक्या ऑइलचं काय करायचं?

गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, वाळवीसाठी दारा-खिडक्यांना तर अजिबात नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. घरी बदललं असेल तर त्याच डब्यांत भरून गॅरेजमध्ये नेऊन द्या. बहुतेक गॅरेज ते आनंदाने ठेवून घेतात, कारण त्यांच्याकडून ते पुढे विकलं जातं. आठ लिटरचे पैसे तुम्हालाही मागता येतील, पण मिस्त्री चांगला असेल तर सोडून द्या.